जीडेव्हलप ५ : कोड न लिहिता गेम, आणि दुतोंड्या मारुतीची परीक्षा

आधी निकाल सांगून टाकतो. कोडिंग येत नाही, हाताशी साधा लॅपटॉप आहे आणि मराठीतला, फोनवर चालणारा टू-डी गेम पूर्ण करून लोकांच्या हातात द्यायचा आहे, त्यांनी जीडेव्हलप या गेम बनवायच्या टूलपासून सुरुवात करावी. थ्री-डीची मोठी स्वप्नं असतील तर नको. आणि चित्रं ओढून-टाकून शनिवार-रविवारात गेम उभा राहतो अशी समजूत कुणी करून दिली असेल, तर तीही सोडा. इथे टायपिंग वाचतं, विचार वाचत नाही. नेमका कुठला विचार करावा लागतो हे मात्र नव्या माणसाला कुणी धड सांगत नाही, म्हणून गेम अर्धवट पडून राहतात. त्यामुळे या रिव्ह्यूचा बराच भाग अडकण्याच्या जागांवर खर्च केला आहे. बटणांची ओळख जीडेव्हलपचे स्वतःचे धडे नीट करून देतात.

हे टूल २००८ पासून आहे. फ्लोरिअन रिवाल या फ्रेंच प्रोग्रामरने ते सुरू केलं. सोर्स खुला आहे, एमआयटी लायसन्सवर आहे. बनवलेल्या गेमवर कसलीही रॉयल्टी द्यावी लागत नाही. विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, ब्राउझरमध्येही उघडतं. आत तुम्ही मांडलेल्या सगळ्या गोष्टी शेवटी जावास्क्रिप्टमध्ये बदलतात; टू-डी चित्रं पिक्सी-जेएस दाखवतं, थ्री-डी थ्री-जेएस. म्हणजे तयार होणारा गेम हे मुळात एक वेबपान असतं. हे लक्षात ठेवा, मराठी अक्षरांच्या वेळी ते कामाला येईल.

पारखायला गेम असा घेतला: गंगापूर धरणातून विसर्ग सुटलाय, रामकुंडाजवळ पाणी चढतंय, घाटावरच्या बारा टोपल्या पाणी लागायच्या आत वर नेऊन ठेवायच्या. पुराचं माप दाखवायला वेगळा मीटर काढायची गरज नाही. नाशिककर ज्याच्याकडे बघून पूर मोजतात तो दुतोंड्या मारुतीच मीटर. गुडघा, कंबर, छाती, आणि डोक्यावरून पाणी गेलं की खेळ संपला. एवढ्याशा गेममध्ये हालचाल, टक्कर, मोजणी, आवाज, मराठी मजकूर असं सगळं येतं, आणि टूल कुठे दमतं तेही दिसतं.

ब्राउझरमधली आवृत्ती ओळखीपुरती ठीक. खरं काम करायचं तर डेस्कटॉप आवृत्ती टाका. प्रोजेक्ट आपल्याच डिस्कवर राहतो, लॅपटॉपवरचा गेम वाय-फायवरून थेट फोनवर तपासता येतो आणि नेट नसलं तरी काम थांबत नाही. ४ जीबी रॅमवर एडिटर उघडतो, पण शेजारी क्रोमचे दहा टॅब असतील तर रडतो. ८ जीबीवर निवांत चालतो. टू-डीसाठी वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. दर प्रीव्ह्यूच्या (गेम चालवून बघायच्या) वेळी प्रोजेक्टची एक ऑटोसेव्ह प्रत आपोआप पडते, पावसाळ्यात लाइट गेली की तीच वाचवते. तरी कंट्रोल-एसची सवय असू द्या.

नवा प्रोजेक्ट करताना त्याच्यासाठी वेगळं फोल्डर करा आणि चित्रं, आवाज, फॉन्ट सगळं त्यातच ठेवा. बाहेरचं चित्र उचललं की जीडेव्हलप ते आत कॉपी करू का असं विचारतं, हो म्हणा. नाही म्हटलेली चित्रं मित्राच्या लॅपटॉपवर गायब होतात, कारण पेन ड्राइव्हवर फक्त फोल्डर गेलेलं असतं. ऑब्जेक्ट (गेममधल्या वस्तू) आणि व्हेरिएबल (गेमने लक्षात ठेवायचे आकडे) यांची नावं रोमन लिपीत, मध्ये जागा न सोडता ठेवा. मराठी खेळाडूला दिसणाऱ्या मजकुरात यायला हवी, आतल्या नावांत नसली तरी बिघडत नाही.

इव्हेंट शीट खरंच काय करतं

डावीकडे अट, उजवीकडे कृती, अशी एक जोडी म्हणजे इव्हेंट. ‘खेळाडूची टोपलीशी टक्कर झाली’ ही अट, ‘टोपली उचल’ ही कृती. दोन्ही यादीतून निवडायच्या, आकडे भरायचे. इथवर कुणालाही जमतं. जे लक्षात येत नाही ते हे, की ही सगळी यादी वरपासून खालपर्यंत दर फ्रेमला (पडद्यावर नवं चित्र उमटतं तेव्हा) तपासली जाते, म्हणजे सेकंदाला साधारण ६० वेळा. इव्हेंटकडे ‘हे घडल्यावर एकदा कर’ म्हणून पाहू नका. ‘ही अट खरी असेल तोपर्यंत प्रत्येक फ्रेमला कर’ असा त्याचा अर्थ आहे. निम्म्या चुका इथून उगवतात.

पाण्याचंच घ्या. पाण्याचा टाइल्ड स्प्राइट (एकच चित्र शेजारी-शेजारी लावून भरलेला ऑब्जेक्ट) घाटाखाली ठेवला आणि ‘वाय स्थानातून (म्हणजे उभ्या स्थानातून) २० वजा कर’ अशी कृती बिनअटीची टाकली, तर पाणी सेकंदाला १,२०० पिक्सेल चढतं. ७२० पिक्सेल उंचीचा पडदा ०.६ सेकंदात बुडतो. खेळाडूला काही कळायच्या आत खेळ खलास. मग बरेच जण २० चे ०.३३ करतात. लॅपटॉपवर ते बरोबर दिसतं. तोच गेम दमलेल्या फोनवर सेकंदाला ३० फ्रेमने चालला की पाणी निम्म्या वेगाने चढतं आणि गेम पोरखेळ होतो. बरोबर कृती म्हणजे २० गुणिले टाइमडेल्टा वजा करणं. टाइमडेल्टा म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ, सेकंदात. आता वेग कुठल्याही फोनवर सेकंदाला २० पिक्सेल, पडदा भरायला ३६ सेकंद. प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये कमाल फ्रेम ६० आणि किमान २० अशी मूळ मर्यादा असते. फोन २० च्याही खाली गेला तर गेम उड्या मारत नाही, सगळाच संथ होतो. हे जाणूनबुजून केलेलं आहे, बदलायच्या फंदात पडू नका.

पाणी वर सरकवताना त्याची उंची पडद्यापेक्षा कमी ठेवली तर खालून कोरडा पट्टा उघडा पडतो. उंची पडद्याच्या दुप्पट ठेवा, १,४४० पिक्सेल. जास्तीचं पडद्याखाली राहू द्या.

विसर्ग वाढत जायला हवा असेल तर एक सीन व्हेरिएबल घ्या (सीन म्हणजे गेमचा एक पडदा), सुरुवातीला २०, दर १५ सेकंदांनी त्यात ५ मिळवा. यासाठी टायमर आहे, पण टायमर आधी चालू करावा लागतो. ‘सीन सुरू होताना’ या अटीखाली ‘टायमर सुरू कर’ ही कृती टाकली नाही, तर ‘टायमर १५ पेक्षा जास्त’ ही अट कधीच खरी होत नाही, आणि माणूस इतरत्र चूक शोधत बसतो. १५ झाले की व्हेरिएबल वाढवून टायमर पुन्हा शून्यावर आणायचा, तोही त्याच इव्हेंटमध्ये.

टोपली कुठली?

जीडेव्हलप शिकणं म्हणजे खरं तर निवड शिकणं. घाटावर बारा टोपल्या आहेत, ऑब्जेक्ट मात्र एकच, ‘टोपली’. ‘टोपलीची पाण्याशी टक्कर’ ही अट लागली की टूल बारापैकी फक्त भिजलेल्या टोपल्या निवडून ठेवतं, आणि त्याच इव्हेंटमधली ‘टोपली डिलीट कर’ ही कृती तेवढ्यांनाच लागू होते. सुंदर सोय आहे. यासाठी कोडमध्ये लूप, म्हणजे एकेक टोपली तपासत जाणारी सूचना, लिहावा लागला असता. पण ही निवड त्या इव्हेंटपुरती आणि त्याच्या पोटातल्या उपइव्हेंटपुरतीच टिकते. खाली शेजारी नवा इव्हेंट घेतला की निवड पुसली जाते, आणि तिथे अट नसताना ‘टोपली डिलीट कर’ लिहिलं तर बाराच्या बारा टोपल्या गायब.

हे नेहमी कसं घडतं? माणूस आधी टक्करीचा इव्हेंट करतो, त्यात आवाज वाजवतो, गुण कमी करतो. मग पसारा नको म्हणून डिलीटची कृती ‘खालच्या ओळीत’ नवा इव्हेंट काढून टाकतो. डोळ्यांना दोन्ही ओळी एकत्रच दिसतात, टूलला त्या एकत्र नाहीत. तीच ओळ उजवीकडे ओढून वरच्या इव्हेंटच्या पोटात घातली की गेम सुधारतो. काही चमत्कारिक वागलं, एकाला करायचं ते सगळ्यांना झालं, की आधी इव्हेंटचं इंडेंटेशन, म्हणजे कोण कुणाच्या पोटात आहे, ते बघा.

दुसरा खड्डा याहून खोल आहे. प्रत्येक टोपलीला स्वतःची किंमत दिली: द्राक्षांची ४०, फुलांची १०. दोन टोपल्या एकाच फ्रेमला भिजल्या आणि कृती आहे ‘गुणांतून टोपलीची किंमत वजा कर’. वजा होते फक्त निवडीतल्या पहिल्या टोपलीची किंमत, कारण गुण हे व्हेरिएबल सीनचं आहे आणि ती कृती एकदाच चालते. इथे ‘प्रत्येक ऑब्जेक्टसाठी’ हा वेगळ्या प्रकारचा इव्हेंट घ्यावा लागतो; मग टोपल्या एकेक करून मोजल्या जातात. कृती टोपलीवरच असेल, म्हणजे हलव, रंग बदल, डिलीट कर, तर त्याची गरज नाही. सीनच्या गोष्टीत ऑब्जेक्टची किंमत मिसळायची असेल तेव्हाच तो लागतो. एवढं कळलं की कोडवाल्यांच्या बरोबरीने बसता येतं.

नवी टोपली तयार केल्यावर त्याच इव्हेंटमधल्या पुढच्या कृती त्या नव्या टोपलीलाच लागतात. तिची किंमत, आकार, थर तिथल्या तिथे ठरवून टाका.

मारुतीचे चार बिंदू

दुतोंड्या मारुतीच्या स्प्राइटला (चित्राच्या ऑब्जेक्टला) एडिटरमध्ये जादा पॉइंट देता येतात. गुडघा, कंबर, छाती, डोकं असे चार पॉइंट मूर्तीवर माउसने ठेवले की अट सरळ होते: पाण्याचं वाय हे मूर्तीच्या गुडघ्याच्या पॉइंट-वायपेक्षा कमी. ‘कमी’ का? कारण पडद्यावर वाय वरून खाली वाढतं. पाणी जितकं वर, तितका आकडा लहान. शाळेतल्या आलेखाच्या सवयीने उलटं चिन्ह टाकलं की गेम सुरू होताक्षणी चारही अटी खऱ्या ठरतात आणि पाणी घाटाखाली असतानाच ‘खेळ संपला’ची पाटी लागते.

गुडघ्याला पाणी लागलं की नारोशंकराच्या देवळातल्या घंटेसारखा एक टोल हवा. अटीखाली नुसती ‘आवाज वाजव’ ही कृती टाकली तर टोल सेकंदाला ६० वेळा सुरू होतो आणि स्पीकरमधून फक्त खरखर येते. उपाय ठाऊक असतो: ‘ट्रिगर वन्स’ ही अट जोडायची. ती अटींच्या यादीत सगळ्यात शेवटी ठेवा.

पण ट्रिगर वन्स इव्हेंट मोजतो, टोपल्या मोजत नाही. मारुतीच्या बाबतीत ते चालतं, मूर्ती एकच आहे. टोपली भिजल्यावर ‘डुबुक’ आवाज काढायला हीच युक्ती वापरली, की पहिली टोपली पाण्यात तरंगत असेपर्यंत अट खरीच राहते. दुसरी, तिसरी भिजली तरी आवाज येत नाही. इथे टोपलीलाच एक खरं-खोटं व्हेरिएबल द्या, ‘भिजली’. अट: पाण्याशी टक्कर आहे आणि ‘भिजली’ खोटं आहे. कृती: आवाज, आणि ‘भिजली’ खरं कर. प्रत्येक टोपलीचा आवाज एकदाच, वेळेवर.

जवळपास असाच घोळ फोर्सचा, म्हणजे वस्तूला दिलेल्या वेगाचा. ‘कायमचा फोर्स लाव’ ही कृती दर फ्रेमला चालली की फोर्सवर फोर्स चढतो आणि वस्तू बंदुकीच्या गोळीसारखी पडद्याबाहेर जाते. कायमचा फोर्स एकदाच लावायचा. दर फ्रेमला लावायचा तो तात्पुरता.

तयार वर्तनं

खेळाडूला ‘प्लॅटफॉर्मर कॅरेक्टर’ आणि जमिनीला ‘प्लॅटफॉर्म’ हे बिहेव्हियर (तयार वर्तन) लावलं की चालणं, उडी, पडणं लगेच सुरू होतं. मूळ आकडे गुरुत्व १,०००, उडीचा वेग ६००, कमाल चाल २५० असे असतात. उडी फुग्यासारखी तरंगती वाटली तर फक्त उडीचा वेग कमी करू नका; गुरुत्व आणि उडीचा वेग दोन्ही एकत्र वाढवा, म्हणजे उंची राहते आणि वजन जाणवतं.

घाटाच्या पायऱ्यांवर मात्र हे वर्तन अडतं. पायरीची उभी कड त्याच्या लेखी भिंत असते, खेळाडू तिथे धापा टाकत उभा राहतो. पायऱ्या चित्रापुरत्या ठेवा आणि त्यांच्यावर तिरका, अदृश्य प्लॅटफॉर्म टाका. लपवलेला ऑब्जेक्टही टक्कर घेतो, आणि वर्तन मूळ सेटिंगला ६० अंशांपर्यंतचा उतार चढतं. टपरीच्या ताडपत्रीवर खालून उडी मारून चढता यायला हवं, तर तिचा प्रकार ‘जंप-थ्रू’ करा.

टक्करीचा मास्क, म्हणजे टक्कर मोजायची हद्द, पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका. मास्क बऱ्याचदा चित्राभोवतीचा पूर्ण चौकोन असतो. टोपलीच्या पीएनजीभोवती रिकामी पारदर्शक जागा असेल तर पाणी टोपलीपासून दूर असतानाच ती ‘भिजते’. चित्र कडेपर्यंत कापा किंवा मास्क हाताने आखा. आखताना आत वळलेला कोपरा चालत नाही. वाकडा आकार दोन-तीन बहिर्वक्र तुकड्यांत तोडावा लागतो.

ॲसेट स्टोअरमध्ये फुकट चित्रं भरपूर आहेत, पण गोदाघाट त्यात नाही. सोबतच पिस्केल हा पिक्सेल-चित्रांचा एडिटर आणि आवाज बनवायला जेएफएक्सआर दिलेलं आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही. पाण्याचं ‘डुबुक’ जेएफएक्सआरमध्ये पाच मिनिटांत निघतं. उचललेल्या प्रत्येक चित्राचं लायसन्स बघा. काहींना श्रेय द्यावं लागतं.

मराठी अक्षरं: इथे गुण मिळवले, थोडे घालवलेही

गेम हे वेबपान असल्याने साध्या टेक्स्ट ऑब्जेक्टमध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट जुळतात. कित्येक इंजिनांत यासाठी डोकं फोडावं लागतं. मुक्त किंवा बलू फॉन्टची टीटीएफ फाइल प्रोजेक्टमध्ये घ्या. दोन्ही मुंबईच्या एक टाइपचे, लायसन्स खुलं. फॉन्ट दिला नाही तर फोन आपला कुठला तरी देवनागरी फॉन्ट लावतो आणि मांडणी प्रत्येक फोनवर वेगळी दिसते. कृतिदेव, शिवाजी वगैरे जुने फॉन्ट विसरा, टाइप केलेला मजकूर युनिकोडच हवा. तपासायला ‘पायऱ्या, विसर्ग, त्र्यंबक, दुतोंड्या’ एवढी एक ओळ पुरते. पहिल्या शब्दात रफार दिसला तर चूक टायपिंगची आहे. बिटमॅप टेक्स्ट हा दुसरा ऑब्जेक्ट जलद आहे खरा, पण तो अक्षरं सुटी-सुटी मांडतो, मराठीसाठी निरुपयोगी.

वेलांट्या आणि रफारांचे शेंडे कापलेले दिसतील. कारण ओळीची उंची रोमन अक्षरांच्या मापाने मोजली जाते. टेक्स्टचं पॅडिंग ५ वरून १५-२० केलं की बहुतेक फॉन्टमध्ये भागतं.

अक्षर-अक्षर उमटणारा संवाद मात्र मराठीत फसतो. टूल ‘नाशिक’ची लांबी तीन नाही, पाच मोजतं: न, काना, श, वेलांटी, क. तुकडे त्याच हिशोबाने पडतात. आधी ‘नाश’ दिसतं, मग वेलांटी येते आणि ‘श’ टुणकन उजवीकडे सरकतो. ‘त्र्यंबक’मध्ये तर हलंत उघडे पडतात. सोबत येणाऱ्या यार्न या संवाद लिहायच्या सोयीतही अक्षरं अशीच सरकतात. शब्द-शब्द उमटवणं हा सोपा इलाज, आणि वाचायलाही तेच बरं. एकेक अक्षरच हवं असेल तर वाक्यात आधीच खुणेचं चिन्ह घालून ‘ना|शि|क’ असे तुकडे ठेवा आणि त्या खुणेवर तोडा.

गुण इंग्रजी आकड्यांत येतात. १२० हवं असेल तर एक फंक्शन बनवून ‘स्ट्र-रिप्लेस-ऑल’ दहा वेळा वापरा, शून्य ते नऊ. एकदा केलं की पुढच्या प्रत्येक गेमला तेच चालतं.

फोनवर

लॅपटॉप आणि फोन एकाच वाय-फायवर आणा, प्रीव्ह्यूच्या मेनूतून नेटवर्क प्रीव्ह्यू सुरू करा, दिसणारा पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये टाका. वाय-फाय नसेल तर फोनचा हॉटस्पॉट चालतो. पान उघडत नसेल तर नव्वद टक्के वेळा विंडोजच्या फायरवॉलने अडवलेलं असतं. हे पहिल्या दिवसापासून करा. माउसने खेळून ‘मस्त झालाय’ म्हणणं आणि अंगठ्याने खेळणं यात फार अंतर आहे.

१२८०×७२० चा सीन आजच्या २०:९ फोनवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्यांसह दिसतो. प्रोजेक्टमध्ये रुंदी पडद्यानुसार बदलायची सोय लावा. मग ७२० उंचीला रुंदी १,६०० होते. म्हणजे घाटाचं चित्र किमान तेवढं रुंद काढायला हवं. गुण, बटणं, जॉयस्टिक वेगळ्या थरावर ठेवा, नाहीतर कॅमेरा हलला की गुणही घाटाबरोबर मागे जातात. आणि त्यांना ‘अँकर’ लावा, म्हणजे ती पडद्याच्या कोपऱ्याला चिकटून राहतील.

गेम रखडला की लोक इव्हेंट कमी करायला धावतात. दोष बहुधा चित्रांचा असतो. २०४८×२०४८ चं चित्र डिस्कवर ३०० केबीचं असलं तरी फोनच्या मेमरीत १६ एमबी घेतं. ४०९६×४०९६ चं ६४. प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, फाइल कितीही दाबलेली असो. पडद्यावर ६४ पिक्सेलच्या दिसणाऱ्या टोपलीला ५१२ चं चित्र देणं म्हणजे ६४ पट मेमरी वाया. मोबाइलसाठी २०४८ ची हद्द ओलांडू नका.

आवाज सुरुवातीलाच वाजत नसेल तर बिघाड शोधू नका. खेळाडूने एकदा स्पर्श केल्याशिवाय ब्राउझर आवाज सोडत नाही. ‘सुरू करा’ असं बटण असलेला पहिला सीन ठेवला की प्रश्न मिटतो.

बाहेर काढणं आणि खर्च

वेबसाठी एक्सपोर्ट केलेलं फोल्डर झिप करून इच-डॉट-आयओ या गेमच्या साइटवर टाकता येतं. तेच फोल्डर डबल-क्लिक करून उघडलं तर चित्रं लोड होत नाहीत. ब्राउझर डिस्कवरच्या फाइलींना तशी परवानगी देत नाही. ‘एक्सपोर्ट बिघडलं’ ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यावरच असते.

अँड्रॉइडसाठी एका क्लिकवर ऑनलाइन बिल्ड (फोनवर टाकायची तयार फाइल) होते; फुकट खात्याला रोज मोजक्याच बिल्ड मिळतात, म्हणून चाचण्या नेटवर्क प्रीव्ह्यूवर करा आणि बिल्ड शेवटी वापरा. मर्यादा नको असेल तर कॉर्डोव्हा (वेबपानाचं ॲप करणारं टूल) प्रोजेक्ट म्हणून बाहेर काढून स्वतः बिल्ड करता येतं, पण त्यासाठी अँड्रॉइड स्टुडिओ आणि कमांड लाइन. ज्यांना कोड टाळायचा आहे त्यांनी हा रस्ता धरू नये. मित्रांना वाटायला एपीके फाइल. प्ले स्टोअरला एएबी फाइल. पॅकेजच्या नावातलं ‘कॉम-एक्झाम्पल’ आधीच बदला. ते प्ले स्टोअर घेत नाही, आणि एकदा प्रकाशित झालेलं नाव पुन्हा बदलता येत नाही. प्ले स्टोअरच्या खात्याला एकदाच २५ डॉलर लागतात. नवं वैयक्तिक खातं असेल तर गेम खुला करण्यापूर्वी किमान १२ जणांनी सलग १४ दिवस चाचणीत सामील राहावं लागतं. कॉलेजचा ग्रुप, गल्लीतली पोरं, मावस-चुलत भावंडं यांचे जीमेल पत्ते आधीच गोळा करून ठेवा. हे काम गेमपेक्षा जास्त रेंगाळतं.

फुकट आवृत्तीत सुरू होताना जीडेव्हलपचा लोगो दिसतो. तो काढायला, जास्त बिल्ड आणि क्लाउडवर जास्त प्रोजेक्टसाठी सबस्क्रिप्शन आहे. पहिल्या गेमला त्याची गरज नाही. आत एआय सहायकही आलाय, सांगितल्यावर इव्हेंट मांडून देतो. वर सांगितलेली निवड समजली नसेल तर त्याने मांडलेलं चूक की बरोबर हे तुम्हाला ओळखता येणार नाही, तेव्हा आधी हाताने करा.

दुखणी? इव्हेंट तीनशेच्या पुढे गेले की शीट अगडबंब होतं. ग्रुप, रंगीत कमेंट, फंक्शन पहिल्यापासून वापरले नाहीत तर आपलंच आपल्याला सापडत नाही. दोघांनी मिळून एकाच प्रोजेक्टवर काम करणं अवघड. प्रोजेक्ट अनेक फाइलींत सेव्ह करायचा पर्याय घेतला तर थोडं सुसह्य होतं. थ्री-डी २०२३ पासून आहे, छोट्या गेमला चालतं, त्यावर मोठा डाव लावू नये.

दहा-बारा वर्षांच्या मुलांना आधी स्क्रॅच द्या. ४८०×३६० चा पडदा आणि ३०० क्लोनची (एकाच वस्तूच्या प्रतींची) मर्यादा त्यांना आड येत नाही. कन्स्ट्रक्ट ३ घासून पुसून लख्ख आहे, इव्हेंटची पद्धतही अशीच, पण फुकट आवृत्तीत इव्हेंट मोजूनमापून मिळतात. पुराचा हा गेम त्यात जेमतेम बसेल. गोडोमध्ये चित्रांतून स्क्रिप्ट मांडायची सोय ४.० मध्ये काढून टाकली, म्हणजे तिथे कोड आलाच. जीडेव्हलपमध्ये बारा टोपल्यांचा गेम पूर्ण करून मग गोडोला गेलात तर फ्रेम, टाइमडेल्टा, लूप हे सगळं ओळखीचं निघेल, नवी फक्त लिहिण्याची पद्धत.